तिघांच्या गाण्यात दादासोचा माईक

...न्हाय, पर तुमीच सांगा, गाणं रंगात आलंय, तीन गळं आत्ता एकदम लागणार, आन् नेमका तवाच माईक कुनी घ्यावा? दादासोनं, लग्नात पावन्यांची नावं पुकारनाऱ्यानं! तुमाला सांगतो, मी सांगवीचा हिंदुराव, ढोलावर. कळंबचा बिरदेव गिटारवर, आन् त्याची थोरली बहीण म्हाळसा. ओव्या आमच्या मेंढरामागच्या, ठेका विंग्रजी, तिघं तीन सुरांत, पर मिळून एक! कुनी इचारलं? पंचवीस वर्सं लग्नांत गायलो, मान्सं जेवत हुती.

आता बिरदेवाच्या घशाचं आपरेशन झालंय, आवाज गेला तो गेलाच. मला एकच वाटायचं, त्याला तिघांचं गाणं एकदा तरी सलग ऐकवावं. तर सुप्याच्या मंडपवाल्या आबाजीकडं आमच्या गाण्याच्या, लग्नांत भरलेल्या सात जुन्या कॅशेटी निघाल्या! त्याच्या नातीनं, प्राचीनं, मोबाईलवर चढवून दिल्या, आन् मी दुपारच्या यष्टीनं कळंब गाठलं.

बिरदेव बाजंवर बसलेला. लावली पैली. म्हाळसाक्का उचलती, बिरदेव मिळवतो, मी तोंड उघडतो... आन् माईक घेतो दादासो! "आदरणीय तात्यासाहेबांचं मंडपात आगमन झालेलं आहे, त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं..." दुसरी लावली. पुन्ना माईक घेतो दादासो! नवरीच्या मामाला हुडकतोय. तिसरीत कुनाची तरी जीप पंगतीच्या आड आलीया. सहा कॅशेटी, तुमाला सांगतो, सहा! गाणं म्हंजे दोन स्वागतांच्या मधली फट! बिरदेव नुसता मान हलवत हुता, आन् मी दादासोला शिव्या घालत फुडची लावत हुतो.

सातवी लावली, आन् काय सांगू... त्या लग्नात लाईट गेलेली! माईक बंद, दादासो बिनमायकाचा गप, आन् आबाजीच्या सेलवरच्या टेपनं आख्खं गाणं धरलेलं. बिरदेवाचा आवाज असा सरळ वर गेला, मला रडूच आलं बगा. त्यानं डोळं मिटलं. खाली म्हाळसाक्का, मधी मी, तिघं, सलग, शेवटापातूर!

मग बिरदेवानं पाटी वढली. त्याचं बोलनं आता पाटीवरच. म्हनलं, आता काय डोळ्यात पानी आननारं लिवतोय. तर लिवलं, "हिंद्या, तू बेसूर."

घ्या! पंचवीस वर्सं मी त्या दादासोला शिव्या घातल्या, आन् त्यो बिचारा मला झाकत हुता! बिरदेव खांदं उडवून बिनआवाजाचा हसतोय, हसतोय, आन् पाटी पुसून लिवतोय, "पुन्ना लाव." सात येळा लावलं. साती येळा बेसूरच.