आत कोण?

ऑपरेटर : खाली बस आधी. पाय बघू तुझे.

फिटर : बघा. अजून जागेवर आहेत हेच नवल. दाजी, मी खडी क्रशरच्या जबड्यात होतो आणि तुम्ही बटण दाबलंत.

ऑपरेटर : पाणी घे.

फिटर : पाणी नको. का दाबलंत ते सांगा.

ऑपरेटर : इथून जबड्याच्या आतलं दिसत नाही, म्हणून तीनदा हाक मारली मी. 'आत कोण?' म्हणून. आपल्या पद्धतीप्रमाणे. उत्तर आलं नाही, म्हणजे आत कुणी नाही.

फिटर : उत्तर दिलं मी.

ऑपरेटर : नाही दिलंस.

फिटर : प्रत्येक हाकेला दिलं. पहिल्यांदा म्हणालो, मी आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, अहो मी आहे, थांबा. तिसऱ्यांदा शिवी दिली, बहिणीच्या नवऱ्याला देऊ नये अशी. मशीन बंद, पट्टे बंद, सगळीकडे सामसूम. खाली पोकलेनवाला इंजिन बंद करून बसला होता, त्यानं ऐकलं. मान वर करून बघितलं त्यानं. आणि तुम्ही माझ्या डोक्यावर उभे.

ऑपरेटर : तू दगडाशी झटत होतास. बोललो असं वाटलं असेल तुला.

फिटर : वाटलं असेल? माझ्या पायाखालची प्लेट हलली, दाजी. बोटभरच हलली, पण हलली. तो दगड सुटत नव्हता म्हणून तासभर मी त्याच्या सात पिढ्या उद्धारत होतो. पहार घालून घालून खांदे गेले. तो अडकलेलाच राहिला म्हणून मोटरला फिरता आलं नाही, पट्टा घसरला, धूर झाला आणि मोटर ट्रिप होऊन आपोआप बंद पडली. माझ्या हातून दगड सुटला असता ना, तर आता तुम्ही मला घमेल्यात गोळा करत असता.

ऑपरेटर : असं बोलू नको.

फिटर : मग कसं बोलू?

ऑपरेटर : मी काय मुद्दाम केलं?

फिटर : तेच तर डोक्यात शिरत नाहीये. तुमच्याइतका जपून मशीन चालवणारा माणूस मी पाहिला नाही. नियमानं मेन स्विच पाडून आत उतरायचं असतं. पाडतो का आपण? मेन पाडला की पंप बंद, वजनकाटा बंद, साहेबांची बोंबाबोंब. मग मीच सगळ्यांना सांगतो, वर दाजी आहेत ना, मग हाकेवर भागतं. दाजी, जरा खिडकीकडे जा. पट्ट्यातून अजून धूर येतोय का बघा.

ऑपरेटर : नाही येत. थांब, नीट बघतो.

फिटर : बघा, तिथेच उभे राहा. दाजी, चहा घेणार का? दाजी, तुमची मोटरसायकल कुणीतरी घेऊन चाललंय. दाजी, मी नोकरी सोडतोय. दाजी, ऐकताय ना?

ऑपरेटर : नाही, विझलाय. पण रबराचा वास दिवसभर राहील. एवढा गप्प का झालास?

फिटर : अरे देवा.

ऑपरेटर : काय झालं? रंग उडालाय तुझ्या तोंडाचा.

फिटर : आता माझ्याकडे बघा. मी गप्प नव्हतो. चार वाक्यं बोललो तुमच्या पाठीमागे. तुमची मोटरसायकल चोरीला गेली म्हणालो, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत.

ऑपरेटर : कुणी चोरली?

फिटर : कुणी नाही चोरली. दाजी, तुम्हाला ऐकू येत नाही.

ऑपरेटर : येतं. कमी येतं.

फिटर : किती कमी?

ऑपरेटर : तोंड दिसलं की येतं.

फिटर : तोंड दिसलं की येतं, त्याला ऐकू येणं म्हणत नाहीत. मग मशीन कशी चालवता?

ऑपरेटर : मशीनला कान लागत नाहीत. तळपायाला कळतं. बेअरिंग तापलं की ही फळी वेगळी थरथरते. माणसं थरथरत नाहीत, तीच पंचाईत.

फिटर : कधीपासून?

ऑपरेटर : दोन वर्षं होतील.

फिटर : म्हणजे दोन वर्षं तुम्ही रोज 'आत कोण?' विचारताय, आणि उत्तर आलं नाही की बटण दाबताय. दाजी, तुम्हाला उत्तर येणार कुठून? आत अख्खं वऱ्हाड बसलं असतं तरी आलं नसतं. किती वेळा उतरलो असेन मी त्या जबड्यात.

ऑपरेटर : नुसत्या हाकेवर नव्हतं रे. एक सोय होती.

फिटर : कसली सोय?

ऑपरेटर : ती बघ, जिना चढून येतेय तुझी बहीण. तिलाच विचार.

ताई : काय झालं? पट्टा जळाल्याचा वास पार वजनकाट्यापर्यंत आला. गाड्या तशाच सोडून आले मी. अहो, काय झालं? बारक्या, तू असा का बसलायस?

ऑपरेटर : हा आत होता.

ताई : आत म्हणजे कुठे?

फिटर : जबड्यात, ताई. आणि तुझ्या नवऱ्यानं मशीन चालू केली.

ताई : नाही. अहो, नाही ना? बघू, हात बघू तुझे. पाय बघू. कुठे लागलं? पाठ दाखव.

फिटर : कुठे लागलं नाही. सोड मला. ताई, दाजींना ऐकू येत नाही.

(ताई स्टुलावर बसते. फिटरकडे बघत नाही.)

फिटर : म्हणजे तुला माहीत आहे.

ताई : हळू बोल.

फिटर : कुणासाठी हळू? त्यांना ऐकू येत नाही.

ताई : खाली माणसं आहेत.

फिटर : आणि दरवर्षी ती कानांची तपासणी होते, तिचं काय? डोक्याला ते यंत्र लावून टीं टीं आवाज ऐकवतात, तिच्यात हे पास कसे झाले?

ताई : ती तपासणी काट्याच्या खोलीतच असते. मी तपासणाऱ्या बाईच्या मागे बसते. तिनं बटण दाबलं की मी केसांना हात लावते. मग हे बोट वर करतात.

फिटर : शाबास. शाळेत मला कधी एक उत्तर दाखवलं नाहीस.

ताई : चेष्टा नको करू आत्ता.

फिटर : चेष्टा नाही. मला दुसरं काही सुचतच नाहीये. घरी दाजींना काही विचारलं की तूच उत्तर देतेस. मी आपला हसायचो, ताई नवऱ्याला तोंड उघडू देत नाही म्हणून. आणि हे सोय सोय म्हणतायत, ती कसली?

ताई : काट्याच्या खिडकीतून जबडा समोर दिसतो. कुणी आत उतरलं की मी यांच्या मोबाइलवर रिंग देते. मोबाइल शर्टाच्या खिशात असतो, छातीला थरथरतो. मग हे बटणाला हात लावत नाहीत. आत गेलेले सगळे बाहेर आले की मी परत रिंग देते. एकदाही चुकले नाही मी, बारक्या. जेवते तीसुद्धा खिडकीकडे तोंड करून. ताप असला तरी कामावर येते. तू म्हणायचास ना, ताईला सुट्टी घ्यायला काय होतं.

फिटर : आणि आज?

ताई : आज एक डंपर बंद पडला. बरोब्बर खिडकीसमोर. मला पलीकडचं काही दिसेना. बाहेर येऊन बघणार होते, तेवढ्यात मागची गाडी काट्यावर चढली, मग तिच्यामागची. मला वाटलं, मशीन अशीच थांबली असेल. तू जेवायला गेला असशील, असं वाटलं.

फिटर : वाटलं.

ताई : हो. वाटलं.

ऑपरेटर : मोबाइल थरथरला नाही. हाकेला उत्तर नाही. झटक्यानं दगड सुटतो का बघावं म्हणून मी बटण दाबलं.

फिटर : म्हणजे एक डंपर दोन हात पुढे जाऊन बंद पडला असता, तर मला हे कधी कळलंच नसतं. ताई, मी विहिरीच्या कडेला नुसता वाकलो तरी तू पाठीत धपाटा घालायचीस. आणि तूच मला रोज त्यात उतरताना बघत होतीस.

ताई : बघत होते म्हणून तर आजवर...

फिटर : मला सांगायचं होतंस. दुसऱ्या कुणाला नको, मला. मी मेन पाडून उतरलो असतो.

ताई : आणि मग साहेबांना सांगितलं असतंस.

फिटर : सांगितलं असतं.

ताई : म्हणून नाही सांगितलं. बहिरा ऑपरेटर कोण ठेवतं? राहती खोली कंपनीची. पोरीचं शिक्षण व्हायचंय. एवढं वर्ष निघू दे, मग बघू, असं म्हणत म्हणत... तू मला शत्रू समज, काहीही समज. पण मी तुझ्यावरची नजर हटू दिली नव्हती रे.

फिटर : शत्रू असतीस तर बरं झालं असतं. शत्रू असता तर मी आत उतरताना एकदा मागे वळून बघितलं असतं.

ऑपरेटर : काय चाललंय? दोघं एकदम बोलू नका. मला एकाच तोंडाकडे बघता येतं.

ताई : काही नाही. तुम्ही बसा.

ऑपरेटर : तू रडतेयस आणि म्हणे काही नाही.

ताई : बारक्या, आजचा दिवस गप्प बस. पाया पडते तुझ्या. उद्यापासून मी खुर्ची बाहेर टाकते. उन्हात बसेन, पण जबडा डोळ्याआड होऊ देणार नाही.

फिटर : उद्या जबड्याच्या प्लेटा बदलायच्या आहेत. चौघं आत असतील. त्यांच्यातल्या कुणाच्या बहिणीला विचारलंय का आपण, चालेल का म्हणून?

ताई : नाही विचारलं.

फिटर : दाजी, माझ्याकडे बघा. मी साहेबांना सांगणार आहे.

ऑपरेटर : कळलं.

फिटर : राग येणार असेल तर येऊ दे.

ऑपरेटर : राग कसला? पट्टा ओरडला असेल मघाशी, तो मला ऐकू आला नाही. नुसता धूर दिसला. आणि धुरातून तुझं डोकं वर आलं. तेव्हापासून मला तेवढंच दिसतंय. मी समजत होतो, माझं मी निभावून नेतोय. निभावत होती ती. आणि मरणार होतास तू. साहेबांना तू नको सांगू, मी सांगतो.

ताई : अहो, तुम्ही कशाला? मी येते, मी बोलते साहेबांशी. जरा चुचकारून, नीट समजावून...

ऑपरेटर : तू बस इथे.

फिटर : थांबा, आधी मेन पाडतो. दगड अजून आतच आहे. बंद पडू दे पंप, बंद पडू दे काटा.

ऑपरेटर : पाड. आणि मग चल माझ्याबरोबर. साहेब मिशीतल्या मिशीत बोलतात, त्यांचं एक अक्षर मला कळत नाही.

फिटर : मी कशाला? ताईलाच न्या ना. तिला सवय आहे.

ऑपरेटर : तिला नको. ती मला सगळं गोड करून सांगते. साहेब जे म्हणतील ते तू मला जसंच्या तसं सांग.