आता येईल

...आणि वर तोंड करून तो आम्हालाच सांगतो, "आता येईल." काय येईल? लाईट! तुम्हाला सांगतो, आमच्या शर्टांच्या कारखान्यात सुपरवायझरचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला 'आतायेईल' म्हणतात, कारण लाईट गेली, शर्ट अर्धवट, पंखे बंद, घामाच्या धारा, की हा टॉर्च घेऊन फिरणार... "कुणी उठायचं नाही, आता येईल." जनरेटर आहे की, शोभेला. डिझेल कुठंय?

पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. शेजारच्या मशीनवर आमची ही. मी बाह्या लावायचो, ती कॉलर. मशिनं चालू असली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, घरी गेलं की पाणी, स्वयंपाक, पोरीचा अभ्यास... मग नवरा-बायकोनं बोलायचं कधी? लाईट गेल्यावर. अंधारात ही म्हणायची, "अहो, ऐकताय ना, पोरीचे बूट फाटलेत." मी म्हणायचो, "बोल की, आत्ताच तर ऐकू येतंय."

आता शहाणा माणूस लाईट गेली की मशीनचं बटण बंद करतो, पाय उचलतो. मी एकदा हिच्याकडे तोंड करून गप्पांत, पाय तसाच दाबलेला, हात सुईपाशी... आणि आली की लाईट. घर्रर्र... माझ्या अंगातल्या शर्टाची बाही ऑर्डरच्या शर्टाला शिवून मोकळी, शिलाई एकदम पक्की. आतायेईल धावत आला, "माल वाचला का?" बोटाचं कोण विचारतो? आणि ही टाके उसवतेय आणि हसतेय, हसता हसता डोळ्यांतून पाणी. तशी हसताना मी तिला नंतर पाहिलीच नाही.

कारण ती ऑर्डर जहाजावर वेळेत चढली नाही. पुन्हा लाईट, पुन्हा "आता येईल", तोवर जहाज गेलं, गिऱ्हाईक गेलं, कॉलरवाल्या सगळ्या बायका घरी बसवल्या. मग एजंट आला, "ताई, परदेशात चला, तिथं लाईट जातच नाही." माझ्या एकट्याच्या कामावर घर चालेना, म्हणून गेली बिचारी.

आता फोन केला की म्हणते, "बरी आहे, मशीन चालू आहे, ठेवते हं." तिथं लाईटच जात नाही, बोलणार कधी? देवाशप्पथ सांगतो, रोज मनात म्हणतो, जाऊ दे की तिथलीही... पाचच मिनिटं.

परवा इथली लाईट गेली. मी सवयीनं वळलो आणि म्हणालो, "अगं, पोरीला नवे बूट घेतले." शेजारी मशीन, वर टाकलेलं फडकं. टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर आला, आणि आतायेईल पहिल्यांदाच काही न बोलता पुढं गेला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी त्यानं म्हणायला हवं होतं.

घरी आलो तर पोर नवे बूट घालून दारातच. "बाबा, आई कधी येणार?" आणि माझ्या तोंडून निघावं काय...

"आता येईल."