पोरीनं मोठ्यानं इचारलं

माझं माहेर दौंडकडचं, मेंढरावाल्यांचं. दिलं हितं इनामगावात, पर घर असं नव्हतंच, आठ म्हैनं मेंढरांमागं, घोड्यावर बिऱ्हाड, बाळंतपणंबी रानातच झाली. बाईला आडोसा म्हंजी एखादं झुडूप, त्याची कवा लाज वाटली न्हाई. मग सासऱ्यांनी नदीकडंला जमीन घेतली आन् घर झालं. आता घरात फरशीचं बाथरूम हाय, आन् आता लाजंनं मरायची पाळी आली बघा.

काय सांगू तुम्हाला, ताई, तुम्ही बाईमाणूस म्हणून सांगती. खोकलं, शिंकलं, हसलं की लुगडं वलं. कैक दिस झालं हे. पाणी प्यायचं कमी केलं, देऊळ सोडलं, बाजार सोडला. सून म्हणायची आत्या, गुडघं दुखत्यात का, मी म्हणायची व्हय, गुडघंच. समदं गुडघ्यांवर ढकललं.

माझी नात कोमल रांजणगावला कंपनीत हाय. तिथंच पोरगा पसंत केला तिनं, भांडगावचा, चांगला हाय. साखरपुड्याला जीप दारात आली आन् मी म्हणलं मी न्हाई येत. तर पोरगी डोळ्यात पाणी आणून म्हणती, आजी, मी माझ्या मनानं ठरवलं म्हणून तू रुसलीस, व्हय ना? न्हाई म्हणलं आसतं तर मग का येत न्हाई ते सांगाय लागलं आसतं, म्हणून गप बसले आन् तिला तसंच जाऊ दिलं.

मागल्या आठवड्यात पुण्याहून एक पोरगी आली, म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करत्यात म्हणं. मुठीत यंत्र दाबाय लावलं, चालाय लावलं, वार उलटं म्हणाय लावलं. आळीतल्या बाया ओट्यावर गोळा झाल्या, कोमलला सुट्टी, ती दारात. ती पुण्याची पोरगी म्हणली आजी, पुढचं आत जाऊन बोलू. मी लई शानी, म्हणलं हितंच इचार, आपल्याला काय लपवायचंय. तिनं हळू इचारलं, मला ऐकू येईना, मी म्हणलं आँ? परत इचारलं, परत आँ? तवा ती वरडलीच, आजी, खोकताना कपड्यात लघवी होती का?

धरणीमायनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हणलं न्हाई. आन् मेला तेवढ्यातच खोकला आला.

कुणी हसलं न्हाई. कोमलनं हाताला धरून आत नेलं, दुसरं लुगडं दिलं. मग म्हणली, म्हंजी तू रुसली नव्हतीस? मी मानेनंच न्हाई म्हणलं. ती खालीच बसली. म्हणली आजी, तुझ्या मनाइरुद्ध चाललीय म्हणून मला घास गिळवत नव्हता गं. आसं म्हणली ती. वल्या लुगड्याचं काय, धुतलं की वाळतं. पर माझी लाज झाकाय मी लेकराला उपाशी ठेवलं की हो.

त्या सर्वेवाल्या पोरीला मग खरं सांगितलं. ती म्हणली लई बायांना हे आसतं, सांगत न्हाईत. शिरूरला जाऊन दाखवलं, डागतरीण बाईनं व्यायाम दिला, म्हणली लगीच गुण येणार न्हाई. लगीन तर ह्याच रविवारी हाय. कोमल म्हणती दुसरं लुगडं मी माझ्या पिशवीत ठेवते. मी जाणार हाय. देवानं तिचं भलं करावं, अन् अक्षदा टाकताना तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस व्हावं, बाकी काय मागणं न्हाई.