खरडलेले नंबर

(तुमसर. टिकारामचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. टेबलावर गिटारचा जुना अँप्लिफायर, म्हणजे अँप, उघडून ठेवलेला.)

गुंजन : पुन्हा उडाला का फ्यूज, काका?

टिकाराम : दिसत नाही का तुले? धूर निंगून राहिला अन् फ्यूज उडाला का विचारते! ट्रान्झिस्टरची कोरी जोडी होती. बसवली नाही तं जळली.

गुंजन : पण नकाशात तेच लिहून आहे ना! हे पाहा, ३०५५. कंपनी बंद पडून जमाना झाला. किती साइटी शोधल्या तवा कुठं हा सर्किटचा नकाशा भेटला मले.

टिकाराम : ठेव तो नकाशा तुह्या फोनमंदीच. त्यात पस्तीस व्होल्ट लिहून आहे, अन् इथं मीटर पंचावन दाखवून राहिला. मी पह्यले मोजाले पाहिजे होतं. नकाशावर भरोसा ठेवला, गाढव मी!

गुंजन : म्हणजे ट्रान्सफॉर्मर कोणं बदलला?

टिकाराम : कोणं म्हणजे? तुह्या बापानं. वायरची ही अशी गाठ देवाजीच बांधते. अन् हे जुने ट्रान्झिस्टर पाह्य, नंबरच नाही. कानशीनं घासून साफ केले. आता कोणते होते म्हणून कोणाले विचारू मी?

गुंजन : कायले घासले असतीन?

टिकाराम : धंद्यात सगळेच घासते. दुसऱ्या मेस्त्र्यानं उघडून नक्कल करू नये म्हणून. मी बी घासतो.

गुंजन : दुसरा मेस्त्री म्हणजे तुमीच ना? बाबा म्हणते, तुमी त्याहीचा अँप पाहून नाटकवाल्यायले तसेच बनवून देल्ले.

टिकाराम : असं म्हणते? त्याले सोल्डरिंग धराले मी शिकवलं! एका टेबलावर काम केलं आमी, एका डब्यात जेवलो. अन् चारचौघात मले चोर म्हणून निंगून गेला. तवापासून तोंड नाही पाह्यलं मी त्याचं.

गुंजन : काका, तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. उद्या करडी गावात मंडईची जत्रा आहे. रात्रीच्या नाटकात गिटार मी वाजवणार आहो, बाबांच्या जागेवर. लकव्यानं त्याहीचा हात गेला, तवापासून पार्टीवाले कीबोर्डवरच भागवून राहिले. यंदा हातापाया पडून मीच मागून घेतलं. अँप नाही तं पुन्हा कीबोर्डच. मंग मले कोण बोलावते?

टिकाराम : मंग बापालेच विचार ना.

गुंजन : त्याहीले माहीतच नाही मी इथं आणला म्हणून. तुमी विचारा.

टिकाराम : मी नाही बोलत त्याच्याशी.

गुंजन : वैताग आहे नुसता! थांबा, मीच लावते. स्पीकरवर आहे, पाहा. हॅलो, बाबा?

देवाजी : कुठं आहेस वं? अँप नाही दिसत घरी.

गुंजन : टिकारामकाकाच्या दुकानात आहो. काकानं नवे ट्रान्झिस्टर बसवले, पण....

देवाजी : ३०५५ टाकले असतीन त्यानं.

टिकाराम : जळले.

देवाजी : जळतीनच. भोंग्याच्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर आहे तो. ढोलकीसमोर गिटार ऐकूच येत नव्हती म्हणून बसवला. ३७७३ टाक.

टिकाराम : टाक म्हणणं सोपं आहे. डब्यात दोन्ही जातीचे आहेत, पण सगळ्याचे नंबर मीच घासून ठेवले. दिसाले सारखेच. चुकलो तं हे बी जळतीन, अन् दुसरे नागपूरवरून आणा लागतीन.

गुंजन : अरे देवा! आपल्याच मालाचे नंबर घासले?

टिकाराम : हासू नोको. ध्यानात राहीन वाटलं होतं.

देवाजी : उलटे करून पाह्य. दोन पायांच्या मधात टोचा मारत होतास तू, ३७७३ लेच. बाकीच्यायले नाही.

टिकाराम : बॅटरीचा उजेड धर वं, पोरी. इकडं.... आहे. टोचा आहे. ह्याले बी आहे. मीच इसरलो होतो गा.

देवाजी : बसव मंग.

टिकाराम : बसवतो. पण घंटाभर लागन. झालं का मंग पोरगी फोन करन तुले.

देवाजी : ठेवू नोको फोन, टिक्या. चालूच राहू दे. मी बसलो आहो.