फ्लॅशपुढचे मामा

लातूरला कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढं लग्नाचा एक फोटोग्राफर आणि फेटा बांधलेले एक आडवेतिडवे गृहस्थ उभे होते.

"वायरलेस ट्रिगर द्या. जुन्याच्या मधी माणूस आला की फ्लॅश उडत न्हाई."

"हा रेडिओवाला न्या. भिंतीपलीकडचाबी उडतोय."

"भिंतीचं सोडा. हे नवरीचे मामा, अंतरपाटाला नेमके फ्लॅशपुढंच उभे राहणार. आप्पासाहेब, ऱ्हावा बरं मधी. पोट सोडा, खरं खरं."

फ्लॅश उडला.

"हाच द्या."

"मुहूर्त कितीचा हाय?"

"बारा वीसचा."

"अहो, सव्वाबारा झाले. चुकंल की."

"कसा चुकंल? मामाशिवाय लग्न लावतेत होय? म्हणून तर ह्यांना गाडीवर घालून आणलंय."

"धाकटा भाऊ हाय की माझा तिकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"काय?"

"तोबी मामाच. बारीक हाय, फ्लॅशच्या मधी येत न्हाई."