रिकामी खुंटी

परवान्याच्या बंदुकीवरून वाद घालताय, म्हणून सांगतो. कन्नडला आमच्या मामांकडं रानडुकरांसाठी बंदूक होती. "शहाण्याच्या हातात असली की भ्या नाय," म्हणायचे. निवडणूक लागली, तशी नियमाप्रमाणं ती ठाण्यात जमा केली. त्याच आठवड्यात बांधावरून धाकट्या भावाशी जुंपली. मामा तणतणत घरात गेले आणि रिकाम्या हातानं बाहेर येऊन ओट्यावर बसून राहिले.

निकालानंतर बंदूक परत न्यायला निरोप आला. मी पडेगावहून गाडी घेऊन गेलो, मामांना ठाण्यात नेलं. हवालदारानं सहीला रजिस्टर पुढं केलं.

मामा म्हणाले, "नको. परवाना पण ठेवून घ्या."

"का हो, डुकरं संपली का?"

"डुकरं लई हायेत, साहेब. त्या दिवशी माझा हात खुंटीवर गेला होता. खुंटी रिकामी होती, म्हणून भाऊ हाय."