कोपरा फाटलेलं पाकीट

(वडूजपासून दोन कोसांवरचं एक गाव, १९७८चा मार्च, भर दुपार. कृष्णात नुकताच मुंबईहून आलाय आणि घराच्या पायरीवरच बसलाय. आत यायचं नाव घेत नाही. त्याची आई बयाबाई तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलीय.)

बयाबाई : पाणी तर पी. पाण्यानं काय घोडं मारलंय तुजं?

कृष्णात : ठेव तितं.

बयाबाई : काय म्हणाला त्यो एजंट? तुज्या भावानं, दादासोनं कागद वाचला तवा म्हणाला, व्हिसा हाय म्हणून. मग?

कृष्णात : हायच की व्हिसा. माज्या नावाचा, कुवेतच्या कंपनीच्या शिक्क्याचा. वीस फेब्रुवारीच्या आत मुंबईत या, इमानाचा खर्च आमचा. आज तारीख काय?

बयाबाई : मला कुठं कळत्यात तारखा.

कृष्णात : अठरा मार्च. हसला माज्याकडं बघून. म्हणाला, "राव, दोन वर्षांत दोनशे माणसांची दोन हजार झालेली कंपनी ती. तुमच्यासाठी चूल विझवून बसते होय?"

बयाबाई : मग दुसरा काडून द्या म्हणावं.

कृष्णात : जागा भरली. कुणी भरली ठावं हाय? सयाजीनं.

बयाबाई : कुपवाडचा? तुज्या खोलीवर भाकरी खायाचा, त्यो?

कृष्णात : त्योच. वेल्डिंगचा होल्डर कसा धरायचा, म्या शिकवलं त्याला. टेस्टाच्या दिशी टाकीत पाणी भरून बघितलं, तर त्याचा सांधा पाझरला. माज्या सांध्यातनं थेंब न्हाई आला. सायब पाठीवर थाप मारून गेला माज्या. अन मी ग्येलो न्हाई, म्हणून खालच्या नंबरचा उचलला.

बयाबाई : देवाच्या मनात न्हवतं म्हणायचं.

कृष्णात : देवाला मधी घेऊ नगंस. पाकीट देवानं दडवलं व्हय? दर रविवारी कुपवाडवरनं येत हुतो. इचारत हुतो, आये, माजं टपाल आलंय का. तू चुलीकडं तोंड करून न्हाई म्हणायचीस.

बयाबाई : तुजं न्हवतंच की ते. मला वाटलं, दादासोचं.

कृष्णात : वर नाव माजं हुतं!

बयाबाई : नाव वाचाया मी साळंत ग्येले हुते व्हय? रानातनं आले तर दाराच्या कडीत खोचल्यालं गावलं. इंग्रजी टायपाची अक्षरं, अन कोपरा फाटल्याला. फाटक्या कोपऱ्याचं टपाल कशाचं असतंय, ते तुला सांगाया पायजे? मैताचं. घरात आणायचं नसतंय. भाईर वाचायचं, फाडायचं, आंगूळ करायची. अन ह्या घराला टायपाचं इंग्रजी कोण धाडतंय? मिल्ट्री. एकाहत्तरला मानसिंग ग्येला तवाबी तसलीच अक्षरं आल्ती. मागं पलटणीत कोण ऱ्हायलंय? दादासो.

कृष्णात : मग वाचून घ्यायचं हुतं कुणाकडनं तरी!

बयाबाई : वाचलं असतं म्हंजे ग्येलाच असता की त्यो. गोठ्याच्या भितीत दगडाआड ठेवलं. रोज सांजंला जाऊन हात लावायची. वाटायचं, जवर ह्ये बंद हाय तवर पोरगं जितं हाय. त्याची बायकू सकाळचं कुकू लावाया बसायची, मी तिच्याकडं बघायची न्हाई.

कृष्णात : दीड म्हैना.

बयाबाई : दीड म्हैना. अन सोमवारी त्यो सुट्टीवर आला. खांद्यावर ट्रंक, हसतोय आपला. त्याच्यावरनं भाकरीचा तुकडाबी ओवाळला न्हाई म्या. गोठ्यात पळाले, पाकीट आणलं, म्हटलं, लेका, आदी ह्ये कुणाचं मैत हाय ते वाच.

कृष्णात : माजं.

बयाबाई : असं अभद्र बोलू नगंस रं.

कृष्णात : मालकाला सांगून बसलोय, फुडच्या म्हैन्यात न्हाई म्हणून. माज्या मशीनवर दुसरा गडी उभा केलाय त्यानं. सायकलीवरनं निघालो की पोरं वरडत्यात, "काय कुवेत, इमान पंक्चर झालं का?" एक पोरगं जितं ठेवाया दुसऱ्याच्या तोंडातला घास काढलास तू.

बयाबाई : काढला. तिघांतला एक देऊन बसले हुते, किस्ना. मला दुसरं काय सुचंल?

नानासो : बयावैनी, टपाल! आँ, किस्ना? तू हितंच? मला वाटलं, कवाच इमानात बसलास.

कृष्णात : नानासो, तुमी गावचं पोस्टमन. माज्या कुवेतच्या पाकिटाचा कोपरा कुणी फाडला?

नानासो : म्या काढला. तिकिटासाठी. का रं?

कृष्णात : सरकारी माणूस असून?

नानासो : आता ऐक. दिवाळीत टेस्ट पास होऊन आलास, चावडीम्होरं मला पेढा दिलास अन काय म्हणालास? "नाना, माजं पाकीट आलं की सायकल कुठं थांबवू नका. अन वरचं परदेशी तिकीट तुमच्या विजयमालेला. ती वहीत चिकटवती न्हवं." म्हणालास का न्हाई?

कृष्णात : म्हणालो.

नानासो : आलं त्याच दिशी आणलं बग, उनाचं. घरात कोण न्हाई, म्हणून कडीत खोचलं. तिकीट सुटंना, कोपरा काढला. आतल्या कागदाला धक्का लागला का?

कृष्णात : न्हाई. कागद धड हुता.

बयाबाई : भावजी, फाटक्या कोपऱ्याचं टपाल दाराला लावलंसा. तुमाला कळाया नगं?

नानासो : आवं, ते कारडाचं असतंय, पाकिटाचं कुठं… अगं आयी गं. वैनी, तुमी दादासोचं समजलासा?

कृष्णात : ऱ्हाऊ द्या, नानासो. आज काय आणलंय?

नानासो : तुजंच हाय. कुवेतचं. मागं सयाजीचं नाव हाय. बग, ह्याला हातबी लावला न्हाई म्या, तिकीट जाग्यावर हाय.

बयाबाई : आण बाबा, आत आण ते. च्या टाकते. भावजी, तुमीबी बसा.

कृष्णात : थांबा, नानासो. ह्ये तिकीट घ्या.

नानासो : आरं, फाडलंस कशाला? मी मागितलं का?

कृष्णात : शब्द दिलता तुमाला. विजयमालेला द्या.

बयाबाई : किस्ना, उनात नगं रं बसू. आत ये. आत बसून वाच.

कृष्णात : कोपरा फाटलाय, आये. भाईरच वाचतो.